बॉटनं सांगितला 170 चा भाव, आता एक लाख पाच हजार कुणी भरायचे?

पत्र:

वकीलकाकू, आमचा सोलापूरला अक्कलकोट रोड एमआयडीसीत टर्की टॉवेलचा छोटा कारखाना आहे, सासरे (आम्ही मामा म्हणतो) आणि माझे मिस्टर बघतात, ऑफिस मी बघते. मागच्या वर्षी ह्यांनी व्हॉट्सॲपवर ऑर्डर घेणारा एआय बॉट लावला, महिना 3,000 रुपये. परवा पंढरपूरच्या एका लॉजवाल्यानं रात्री पावणेबाराला 30 बाय 60 च्या 500 जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला 500 ग्रॅम वजनाच्या) टॉवेलचा भाव विचारला, बॉटनं 170 सांगितला, त्यानं 1500 नग मागितले, बॉटनं "ऑर्डर कन्फर्म" म्हणून वर पेमेंटची लिंक पण पाठवली आणि त्यानं 50,000 ॲडव्हान्स टाकला. खरा भाव 240 आहे, आम्हाला पडतोच 208 ला. आता तो म्हणतो आषाढी तोंडावर आलीय, माल द्या. मामा म्हणतात असल्या मशिनींवर सरकारनं बंदीच घातली पाहिजे. हे म्हणतात नियम आले की छोटे मरतात, आणि बॉट कंपनीचा, कंपनी भरेल. भाऊजी पुण्यात लॉ करतात, ते म्हणतात भारतात एआयचा कायदाच नाही, मग जबाबदार कुणीच नाही, ॲडव्हान्स परत करा आणि मोकळे व्हा. रोज जेवताना हाच वाद. ह्यांचं मधूनच असं पण चाललंय की 400 जीएसएमचाच माल पाठवून देऊ, लॉजवाल्याला काय कळतंय. नक्की कुणी भरायचं? आणि काकू, रेट लिस्टची पीडीएफ मीच चढवली होती, दिवाळीची जुनी. हे अजून कुणी विचारलेलं नाही.

– एक सून, अक्कलकोट रोड

उत्तर:

अगं, तुझ्या पत्रातलं शेवटचं वाक्य मी तीनदा वाचलं, बाकीचं एकदाच. त्याच्याकडे येतेच, पण आधी पैशाचं बघू कारण आषाढी कुणासाठी थांबत नाही आणि लॉजवाला तर अजिबातच थांबणार नाही, त्याच्या खोल्या दोन महिन्यांपूर्वीच बुक झालेल्या असतात.

भाऊजींपासून सुरू करते, कारण लॉचा विद्यार्थी घरात असला की सगळे त्याचंच ऐकतात आणि तो बिचारा अजून दुसऱ्या वर्षातच असतो. त्यांचं अर्धं बरोबर आहे. एआयचा म्हणून वेगळा कायदा आपल्याकडे नाही, सरकारनं नोव्हेंबर 2025 मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात पण सूर असाच आहे की सध्या वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे लावा. म्हणजे आहेत ते लागतातच ना! नवीन वस्तूच्या नावाचा कायदा नाही म्हणजे कायदाच नाही, असं असतं तर सोलापुरात पहिली मोटार आली तेव्हा तिच्याखाली सापडलेल्या माणसाला कुणी विचारलंच नसतं.

त्यांना म्हणावं, माहिती तंत्रज्ञान कायदा उघडा, सन 2000 चा, कलम 11. तिथं लिहिलंय की इलेक्ट्रॉनिक मेसेज कुणाचा धरायचा, तर ज्यानं स्वतः पाठवला त्याचा, त्याच्या वतीनं दुसऱ्यानं पाठवला तरी त्याचा, आणि त्यानं किंवा त्याच्यासाठी कुणी आपोआप चालेल अशी बसवलेली संगणक यंत्रणा असेल आणि तिनं पाठवला तरी तो त्याचाच. हे लिहिलं तेव्हा व्हॉट्सॲप पण जन्माला आलेलं नव्हतं. त्याच कायद्यात नंतर 10-अ कलम घातलं, की करार फक्त इलेक्ट्रॉनिक पद्धतीनं झाला एवढ्याच कारणानं तो खोटा ठरत नाही. आता सांग, रात्री पावणेबाराला तुमच्या कारखान्याच्या नंबरवरून, तुमच्या लोगोखाली, तुमच्या पेमेंट लिंकसकट "ऑर्डर कन्फर्म" गेलंय, ते कुणी पाठवलं? तुम्ही पाठवलं. तुम्ही सगळे तेव्हा झोपलेला होता ही गोष्ट वेगळी.

हेच भांडण कॅनडात झालंय. तिथल्या एका विमान कंपनीच्या, एअर कॅनडाच्या, वेबसाईटवरच्या बॉटनं एका माणसाला सांगितलं की घरात कुणी वारलं म्हणून प्रवास करताय तर आता तिकीट काढा, सवलतीचा अर्ज 90 दिवसांत नंतर करा. त्याची आजी गेली होती. त्यानं तिकीट काढलं, अर्ज केला, तर कंपनी म्हणाली अशी नंतर मागायची सवलत आमच्याकडे नाहीच, दुसऱ्या पानावर नीट लिहिलंय की. आणि तिथल्या न्यायाधिकरणापुढं कंपनीचं म्हणणं काय, तर बॉट ही जणू वेगळीच कायदेशीर व्यक्ती आहे, त्याचं तो बघेल! फेब्रुवारी 2024 मध्ये निकाल लागला, की वेबसाईट तुमची, बॉट त्या वेबसाईटचाच भाग, पैसे द्या. सगळं मिळून साधारण 812 कॅनेडियन डॉलर, म्हणजे आपले पन्नास हजारच्या आसपास. एवढ्याशा रकमेसाठी एवढी मोठी कंपनी भांडली आणि हरली, आणि तुमचे हे जेवताना तोच मुद्दा मांडतायत फक्त मराठीत. तो निकाल आपल्या कोर्टाला बांधील नाही, पण आपलं कलम 11 पण त्याच दिशेनं बोट दाखवतंय.

मग चूक झाली म्हणून करार रद्द होत नाही का? इथं जरा सावकाश वाच. 1872 चा करार कायदा म्हणतो की महत्त्वाच्या गोष्टीबद्दल दोघांचीही चूक असेल तर करार रद्दबातल, एकाचीच असेल तर तेवढ्यावरून सुटका नाही. पण समोरच्याला दिसत असेल की हा भाव चुकून लागलाय आणि तरी तो हात मारून घेत असेल तर चित्र बदलतं. सिंगापूरमध्ये एका वेबसाईटवर 3,854 डॉलरचा लेझर प्रिंटर चुकून 66 डॉलरला लागला, सहा जणांनी मिळून सोळाशेच्या वर प्रिंटर मागवले, त्यातले काही मध्यरात्री मित्रांना उठवून "लवकर घे" म्हणत होते, ते चॅट कोर्टात आले आणि कोर्टानं सांगितलं, तुम्हाला चूक दिसत होती, करार नाही. आता तुझा लॉजवाला बघ. 240 चा टॉवेल 17 रुपयांना लागला असता तर मी म्हटलं असतं लढू. पण 170? सोलापुरात टॉवेल घ्यायला आलेला माणूस 170 ऐकून चकित होत नाही, तो 165 करा म्हणतो. त्याला ऑफर वाटली असेल, आणि तुझ्याच पीडीएफवर दिवाळीची 15 टक्के सूट छापलेली होती, 400 जीएसएमचे 200 त्यातून 30 गेले, 170. बॉटनं 500 चं पान नव्हतं म्हणून 400 चं उचललं. लॉजवाल्याचा प्रामाणिकपणा खोटा पाडायला तुमच्याकडे काय आहे? काही नाही.

"ॲडव्हान्स परत करून मोकळे व्हा" तर मुळीच करू नका. तो गप बसला तर नशीब. नाही बसला तर तो बाजारातून 240 नं माल उचलेल आणि फरक तुमच्याकडे मागेल, 70 गुणिले 1500, एक लाख पाच हजार, त्याच कायद्याचं कलम 73. म्हणजे पळून जाऊन वाचलं काय? कन्झ्युमर कोर्टात तो जाऊ शकणार नाही बहुतेक, कारण लॉजसाठी म्हणजे धंद्यासाठी घेतोय, पण दिवाणी कोर्टाचं दार आहेच आणि तिथल्या तारखा तुझं लहान लेकरू कॉलेजला जाईपर्यंत चालतात. शिवाय पंढरपूर आहे ते, एका लॉजवाल्याला दुखावलं की बाकीच्या मठांत, धर्मशाळांत, लॉजवर संध्याकाळपर्यंत कळलेलं असतं.

आता तो आकडा जरा उलगडून बघ, कारण एक लाख पाच हजार म्हणून सगळे नुसते आरडाओरडा करतायत. पडता भाव 208, मिळणार 170, म्हणजे खिशातून जाणार 38 गुणिले 1500, सत्तावन्न हजार. उरलेले अठ्ठेचाळीस हजार हा न मिळालेला नफा आहे, तो दुखतो पण त्यासाठी कर्ज काढावं लागत नाही. ह्यांनी स्वतः गाडी काढून पंढरपूरला जावं, फोनवर नको, सोबत 400 चा एक टॉवेल आणि 500 चा एक टॉवेल न्यावा, लॉजवाल्याच्या टेबलावर दोन्ही ठेवावेत आणि सरळ सांगावं की मशीननं भाव 400 चा सांगितला, तुम्ही मागितला 500, चूक आमच्याकडची, आता तुम्हीच सांगा. 400 चा माल 170 ला तुम्हाला साधारण परवडतो, 208 चे चार पंचमांश केले तर 166 च्या आसपास येतं. कदाचित तो म्हणेल लॉजला 400 पण चालेल, लवकर वाळतो. कदाचित म्हणेल 500 नग 500 जीएसएमचे द्या, बाकी 400 चे. कदाचित 195 वर येईल. आणि अडूनच बसला तर 170 नं द्या आणि पुढच्या वर्षाची ऑर्डर आजच पक्की करून घ्या. माझ्या तीस वर्षांच्या वकिलीत कोर्टाच्या पायरीवर जेवढं मिटलंय त्याच्या कितीतरी पट चहाच्या टपरीवर मिटलंय.

पण ते "400 चाच पाठवू, त्याला काय कळतंय" हे आत्ताच्या आत्ता थांबव. 30 बाय 60 इंच म्हणजे 1.16 चौरस मीटर, 500 जीएसएमचा टॉवेल साधारण 580 ग्रॅम भरतो आणि 400 चा 464. लॉजच्या स्वयंपाकघरात भाजीचा काटा असतोच. आज तुमच्या हातात चूक आहे, चुकीला कोर्ट पण नरमाईनं घेतं आणि माणूस पण. 400 चा माल 500 म्हणून बिलावर लावला की ती फसवणूक झाली, मग बॉट गेला बाजूला आणि सही कुणाची आहे ते बघतात.

आता कंपनीचं. तू पत्रासोबत त्यांचा करार पाठवलास ते बरं केलंस, बारा पानं आहेत आणि मला खात्री आहे घरातल्या कुणी वाचलेली नाहीत, वाचली असती तर सातव्या पानावर कुणीतरी खाली बसलं असतं. तिथं लिहिलंय, एआय चुकू शकतो, उत्तरं तपासून घेणं ग्राहकाचं काम. पुढं लिहिलंय, काही झालं तरी कंपनी मागच्या 3 महिन्यांच्या फीपेक्षा जास्त देणार नाही, म्हणजे 9,000. आणि त्याच्याही खाली, तिसऱ्या कुणी कंपनीवर दावा केला तर तो खर्च तुम्ही भरायचा! लॉजवाल्यानं उद्या कंपनीलाच ओढलं तर वकिलाची फी पण तुमच्याच माथी. हे सगळं "मान्य आहे" वर टिक करून घेतलेलं. कन्झ्युमर कायदा 2019 मध्ये प्रॉडक्ट लायबिलिटीचं चांगलं प्रकरण आहे, खराब वस्तूमुळं इजा झाली तर बनवणारा, विकणारा, सेवा देणारा सगळ्यांना धरता येतं, पण धंद्यासाठी घेतलेल्या गोष्टीला ते दार सहसा बंद. स्वतःच्या पोटापाण्यापुरता धंदा असेल तर ते उघडतं, पण चार मागांवर दहा माणसं ठेवून "स्वतःच्या पोटापाण्यापुरतं" म्हणणं अवघड जाईल, उत्तर कोर्ट देईल, मी आशा लावणार नाही.

तरी कंपनीला अगदी मोकळं सोडू नका. पीडीएफ जुनी होती हे तुमचं, पण त्यात 500 चं पानच नव्हतं, मग बॉटनं "माहीत नाही, ऑफिसला विचारतो" म्हणायला पाहिजे होतं, त्यानं 400 चा भाव 500 ला चिकटवला, हे त्यांचं. आणि विकायला आलेला पोरगा काय म्हणाला होता, "सर, 99 टक्के ॲक्युरेट", ते माहितीपत्रकात छापलेलं पण आहे म्हणतेस. ते पत्रक फाईलला लाव, चॅट एक्स्पोर्ट करून ठेव, फोन फॉरमॅट करू नकोस, कोर्टात इलेक्ट्रॉनिक पुरावा लावायचा तर प्रमाणपत्र लागतं आणि मूळ फोन असलेला बरा. मग एक साधं पत्र, सहा महिन्यांची फी माफ करा आणि न मिळालेल्या माहितीवर भाव सांगणं बंद करून द्या. देतील. गिऱ्हाईक सुटण्यापेक्षा 18,000 सोडणं त्यांना स्वस्त.

राहिले मामा आणि त्यांचा मुलगा, बंदी विरुद्ध मोकळीक. खरं सांगू, हा वाद ह्या घरापुरता नाहीच, सगळं जग हाच वाद घालतंय आणि जेवणाच्या ताटावरच घालतंय. युरोपनं 2024 मध्ये एआयचा कायदा केला, धोक्याप्रमाणं पायऱ्या पाडल्या, काही गोष्टींवर सरळ बंदी, नोकरी-कर्ज-दवाखाना असल्या ठिकाणी कडक नियम, आणि तुमच्यासारख्या बॉटला एवढंच की बाबा, समोरच्याला कळू दे तो मशीनशी बोलतोय. पण नुकसान झालं तर भरायचं कुणी ह्याचा वेगळा कायदा त्यांनी 2022 मध्ये मांडला होता, तो 2025 मध्ये मागं घ्यायचं ठरवलं, जमेना. जमलं काय, तर वस्तूंच्या जबाबदारीचा जुना कायदा नवा केला आणि त्यात सॉफ्टवेअर पण वस्तूच आहे असं लिहून टाकलं, त्यांच्या देशांना तो डिसेंबर 2026 पर्यंत लागू करायचाय. मला हे शहाणपणाचं वाटतं. नवी वस्तू आली की नवा ग्रंथ लिहायची घाई नको, जुन्या ओळीत एक शब्द वाढवा.

ह्यांना भीती वाटते की नियम आले की छोटे मरतात, ती उगाच नाही. इंग्लंडात 1865 साली कायदा होता, रस्त्यावर इंजिनाची गाडी चालवायची तर पुढं साठ यार्डांवर एक माणूस लाल बावटा घेऊन चालला पाहिजे आणि गावात वेग ताशी 2 मैल. बैलगाडी ओव्हरटेक करून जाईल! 1896 ला ते सगळं सोडून दिलं तोपर्यंत इतर देश पुढं गेले. म्हणून टॉवेलच्या बॉटला लायसन मागणारा कायदा आला तर मीच पहिली ओरडेन. पण मामांना एकदा हळूच विचार, त्यांच्या वडिलांनी हातमाग सोडून यंत्रमाग घेतला तेव्हा साखर पेठेत किती जणांनी बंदी मागितली होती.

आणि यंत्रमागाचंच निघालंय तर माझ्या घरातलं सांगते. आमचे आबा एका मिलमध्ये टाईमकीपर होते. अपघाताचं एक रजिस्टर असायचं, लांबट, काळ्या कापडी पुठ्ठ्याचं, लहानपणी मी ते त्यांच्या टेबलावर पाहिलंय. तारीख, नाव, खातं, काय झालं, आणि शेवटचा रकाना "कारण". जांभळ्या कॉपिंग पेन्सिलनं लिहिलेलं, ओलं बोट लागलं की पसरायचं. "उजव्या हाताचं बोट, पट्ट्यात." कारण, कामगाराची चूक. "डावा पंजा." कारण, कामगाराची चूक. पानंच्या पानं तेच. मी आबांना विचारलं होतं की सगळे कामगार एवढे कसे चुकतात, तर ते म्हणाले, रकाना भरायला लागतो गं, आणि मालक चुकला असं लिहिणाऱ्याला दुसरी नोकरी शोधावी लागते. मग म्हणाले, पण त्यानं काय होत नाही, पैसे मालकालाच द्यावे लागतात. कारण 1923 चा कामगार नुकसानभरपाई कायदा. तो आल्यावर मालकाची चूक सिद्ध करायची गरजच राहिली नाही, कामावर असताना, कामामुळं इजा झाली, भरा. दारू पिऊन किंवा मुद्दाम नियम मोडून केलं असेल तर वेगळं, पण साधी नजरचूक असेल तर भरा. कारण मशीन कुणाचं, ते कुठं बसवायचं हे कुणी ठरवलं, पट्ट्याला जाळी लावायचे पैसे कुणी वाचवले आणि कापड विकून फायदा कुणाला झाला, ह्या सगळ्याचं उत्तर एकच माणूस. मग त्यानंच सोसायचं, आणि त्याला सोसावं लागतं म्हटल्यावर त्यानं आपोआप जाळी लावली.

आपल्या सुप्रीम कोर्टानं पण हेच धरलं. भोपाळ होऊन वर्ष उलटतंय तोच डिसेंबर 1985 मध्ये दिल्लीत एका कारखान्यातून ओलियम हा घातक वायू फुटला, आणि 1986 च्या निकालात न्यायमूर्ती भगवतींनी सांगितलं की धोकादायक उद्योग चालवून नफा कमावता ना, मग अपघात झाला की नुकसान भरायचं, काळजी घेतली होती म्हणून सुटका नाही. टॉवेलचा बॉट काही ओलियम वायू नाही, तो निकाल तुम्हाला कुणी लावणार नाही. पण विचाराची दिशा बघ, ताबा ज्याचा आणि फायदा ज्याचा त्याच्याकडे जबाबदारी.

आणि ही दिशा सुटली की काय होतं ते पण बघ. 18 मार्च 2018, अमेरिकेत ॲरिझोनामध्ये उबरची आपोआप चालणारी टेस्टिंगची गाडी, सायकल हातात धरून रस्ता ओलांडणाऱ्या बाईला उडवून गेली, बाई गेली. गाडीच्या सॉफ्टवेअरला ती काय आहे हे नीट ओळखताच आलं नव्हतं. चौकशीत कंपनीच्या सुरक्षेच्या ढिलाईवर बरंच आलं. पण फौजदारी खटला कुणावर? कंपनीवर नाही. गाडीत लक्ष ठेवायला बसवलेल्या बाईवर, ती मोबाईल बघत होती म्हणून, 2023 मध्ये तिनं गुन्हा कबूल केला, तीन वर्षं प्रोबेशन. तिची चूक नव्हती असं मी म्हणत नाही. पण तासन्‌तास आपोआप चालणाऱ्या गाडीत एकट्या माणसाला नुसतं बघत बसवायचं हे ठरवलं कुणी?

आता तुझ्या त्या शेवटच्या वाक्याकडे येते. "रेट लिस्ट मीच चढवली होती, हे अजून कुणी विचारलेलं नाही." अगं, तू त्या गाडीतली बाई होऊ नकोस आणि आबांच्या रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यात पण जाऊन बसू नकोस. बॉट घ्यायचा कुणी ठरवला? ह्यांनी. बारा पानांवर टिक कुणी केली? ह्यांनीच. दिवाळीनंतर सुताचा भाव वाढला तेव्हा नवी लिस्ट कुणी काढायची हे कुणी ठरवून दिलं होतं? कुणीच नाही, मामांच्या डोक्यात भाव असतात आणि ते तोंडी सांगतात, हे मी पत्र न वाचता पण सांगितलं असतं, सगळ्या एमआयडीसीत असंच आहे. बॉटला परस्पर ऑर्डर पक्की करायची आणि पैसे घ्यायची मुभा देताना मधे एक माणूस ठेवावा असं कुणाला सुचलं? तू पीडीएफ चढवलीस हे खरं, ती चूक आहे, पण बाहेरच्या जगासाठी ती कारखान्याची चूक. घरात कुणाचं नाव घ्यायचं त्याच्याशी लॉजवाल्याला आणि कोर्टाला काही देणंघेणं नाही.

तरीपण सांग. लपवलंस तर उद्या कंपनीच्या लॉगमध्ये कुठल्या लॉगिनवरून फाईल चढली ते तारखेसकट निघतंच, आणि तेव्हा ते कंपनीचा पोरगा मामांना फोनवर सांगेल. त्यापेक्षा तू सांग, आणि सांगताना रडत बसू नकोस, हातात कागद घेऊन जा. कागदावर एवढंच, की नवीन लिस्ट दर महिन्याच्या 1 तारखेला, मामांच्या सहीनं, वर मोठ्या अक्षरात तारीख. लिस्टमध्ये नसलेल्या मालाला बॉटनं भाव सांगायचा नाही. 25,000 च्या वरच्या ऑर्डरला "कन्फर्म" हा शब्द बॉटनं वापरायचा नाही, "ऑफिस सकाळी 10 ला पक्कं करेल" म्हणायचं, पेमेंट लिंक त्यानंतर. पहिल्याच मेसेजमध्ये सांगायचं की हे मशीन आहे. गिऱ्हाइकांचे नंबर, पत्ते ह्या बॉटच्या मार्गे कुठं साठतात ते कंपनीकडून लिहून घ्यायचं, कारण 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात डेटा सांभाळायला दुसऱ्याला दिला तरी जबाबदारी तुमचीच राहते, नियम आलेत, मुख्य अटी 2027 मध्ये लागू होतील, आणि दंडाचे आकडे कोटीत आहेत. मामा कागद बघतील, दोन शिव्या घालतील, मग सही करतील. कारखानदार माणसाला रडणारं माणूस कळत नाही, कागद कळतो.

ह्यांना एकच विचार, आता एवढा वाद झाल्यावर पुन्हा तेच घडलं तर काय म्हणणार? पहिल्यांदा झालं ती नजरचूक. माहीत असून तसंच चालू ठेवलं तर त्याला आम्ही वकील वेगळ्या नावानं ओळखतो, आणि मग माझ्यासारखी बाई पण तुमच्या बाजूनं फार काही बोलू शकत नाही.

हे मी अशासाठी लिहितेय की तुझ्या पत्राखाली कारखान्याचा नंबर होता. काल रात्री झोप येईना म्हणून साडेअकराला मी त्यावर मेसेज टाकून बघितला, 30 बाय 60, 500 जीएसएम, भाव काय. दोन सेकंदात उत्तर आलं, 170, आणि खाली हात जोडून विचारलं, किती नग पाठवू. हे वाचून झालं की बाकी सगळं राहू दे, आधी ते बंद कर.